पंधरावरून अठरा

दर डॉक्टरमागे महिन्याला १५.० तपासण्या, आणि नंतर १८.१. 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात २००३ साली छापून आलेल्या एका शोधनिबंधातले हे आकडे आहेत. जुलै १९९८ ते डिसेंबर २००० या काळात अमेरिकेतल्या सुमारे ४०० डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या किती दुर्बीण-तपासण्या, म्हणजे कोलनोस्कोपी केल्या, ते संशोधकांनी मोजलं होतं. मार्च २००० च्या आधी पंधरा, त्यानंतर अठरा. तीनचा फरक छोटा वाटतो, पण चारशेने गुणला की महिन्याला बाराशेच्या वर माणसं होतात, आणि हे फक्त या अभ्यासातल्या डॉक्टरांपुरतं. त्यात बायकांचं प्रमाणही ४३.४ टक्क्यांवरून ४७.४ टक्क्यांवर गेलं होतं.

त्या मार्चमध्ये नवं यंत्र आलं नव्हतं की नवं औषध. एनबीसी वाहिनीच्या सकाळच्या 'टुडे' या कार्यक्रमात रोज दिसणाऱ्या वृत्तनिवेदिका केटी कुरिक यांनी स्वतःच्या आतड्यात दुर्बीण घालून घेतली आणि ती सगळ्या देशाला दाखवली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा राष्ट्रीय जागृती महिना म्हणूनही तो मार्च पहिल्यांदाच पाळला जात होता, तेव्हा वाढीचं सगळं श्रेय एकट्या कुरिक यांना देणं बरोबर नाही. तरी निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी नाव घातलं ते त्यांचंच. 'कुरिक इफेक्ट' हा शब्द सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात तेव्हापासून रुळला.

वृत्तनिवेदकाकडे नेमकं काय असतं? पैसा आणि प्रसिद्धी नटाकडेही असते, खेळाडूकडेही असते. निवेदकाची गोष्ट जरा वेगळी. तो ठरलेल्या वेळी, रोज, घरातली माणसं अर्धवट आवरलेल्या अवस्थेत असताना येतो. दूरदर्शनवरच्या सातच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकल्या त्यांना हे सांगायला नको. प्रदीप भिडे यांचा आवाज आला की स्वयंपाकघरातूनही कळायचं, सात वाजले. स्मिता पाटील पडद्यावर मोठ्या झाल्या त्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या, आणि त्यांचा चेहरा तिथूनच लोकांच्या ओळखीचा झाला. ही ओळख म्हणजे एक प्रकारची ठेव. रोज थोडी थोडी साठते, वर्षानुवर्षं. ती मोडायची तर कशासाठी आणि किती, हे ठरवणं हा त्या माणसाच्या आयुष्यातला फार मोठा निर्णय असतो. बहुतेकांची ती जाहिरातींत मोडते, काहींची निवडणुकीत. कुरिक यांनी ती कशी मोडली हे बारकाईने बघण्यासारखं आहे.

जन्म ७ जानेवारी १९५७ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनचा. १९७९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून पदवी घेतल्यावर वॉशिंग्टनला एबीसी वाहिनीच्या कार्यालयात पडेल ते काम करणारी मदतनीस म्हणून सुरुवात. मग सीएनएन. पुढे मायामीची स्थानिक वाहिनी, वॉशिंग्टनची स्थानिक वाहिनी, १९८९ पासून एनबीसीसाठी पेंटॅगॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची बातमीदारी, आणि एप्रिल १९९१ मध्ये 'टुडे'ची सह-निवेदिका. तिथे त्या ३१ मे २००६ पर्यंत होत्या. पंधरा वर्षं सकाळी सातला घराघरात. सकाळच्या या कार्यक्रमात पहिल्या अर्ध्या तासात युद्ध आणि निवडणूक येते, आणि तासाभराने त्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला टर्की भाजायची कशी तेही विचारावं लागतं. याला हलकं काम समजणारे बरेच असतात. पण राष्ट्राध्यक्षांना अडचणीचा प्रश्न विचारायचा आणि दहा मिनिटांनी त्याच चेहऱ्याने एखाद्या आईच्या दुःखाजवळ बसायचं, हे एका माणसाला जमणं दुर्मीळ आहे. आणि आतड्याबद्दल बोलायला नेमका असाच माणूस लागतो.

कुरिक यांचे पती जे मोनाहन वकील होते आणि एनबीसीवर कायदेविषयक विश्लेषण करायचे. १९९७ च्या वसंतात त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचं कळलं तेव्हा तो आतड्याबाहेर पसरलेला होता. वय ४१. त्याआधी थकवा होता, वजन उतरलं होतं, आणि कामाच्या धावपळीवर बोट ठेवून ते मागे टाकलं गेलं होतं. अवघ्या नऊ महिन्यांत, २४ जानेवारी १९९८ रोजी ते गेले. घरात दोन मुली, एक सहा वर्षांची, एक दोन.

कुरिक महिन्याभराने कामावर परतल्या. त्यांनी नुसतं स्वतःचं दुःख सांगितलं असतं तरी लोक रडले असते. पण सव्वादोन वर्षांनी, मार्च २००० मध्ये, 'टुडे'वर आतड्याच्या कर्करोगावरची मालिका आली तेव्हा तिचा गाभा होता ती तपासणी कशी होते हा. लोक कशाला घाबरतात? मरणाला तर घाबरतातच. पण तपासणी टळते ती त्याहून लहान गोष्टींनी : ते औषध पिववत नाही म्हणे, रात्रभर संडासात बसावं लागतं म्हणे, परक्या माणसांसमोर उघडं पडावं लागतं, दुखतं. या सगळ्या 'म्हणे'ला उत्तर द्यायचं तर ते करून दाखवायलाच हवं होतं. म्हणून कॅमेरा जुलाबाच्या औषधापासून सुरू झाला. मग तपासणीची खोली, अर्धवट भुलेत डॉक्टरांशी गप्पा मारणाऱ्या कुरिक, बाजूच्या पडद्यावर त्यांच्या आतड्याची गुलाबी, ओलसर भिंत. दुर्बीण आत गेली की नाही हेही त्यांना धड कळलं नव्हतं. हजार पत्रकांनी जे साधलं नसतं ते तेवढ्या एका गोष्टीने साधलं. या मालिकेला पुढे पीबडी हा दूरचित्रवाणी-नभोवाणीतला मानाचा पुरस्कार मिळाला.

इथे तपासणीबद्दल नीट लिहायला हवं, कारण कुरिक यांच्या कामाचं मोल तिच्या तपशिलांतच आहे.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड, लवचिक नळी. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा, शिवाय हवा सोडायची, पाणी मारायचं आणि बारीक अवजारं सरकवायचं छिद्र. डॉक्टर ती गुदद्वारातून आत घालत थेट आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे उजव्या कुशीत अपेंडिक्स जिथे उघडतं तिथवर नेतात. पाहणीचं खरं काम त्यानंतर, नळी हळूहळू मागे घेताना होतं. काही सापडलं नाही तरी मागे येण्याला निदान ६ मिनिटं द्यावीत असा दंडक बरीच वर्षं होता. आता अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटना सरासरी ८ मिनिटांची अपेक्षा ठेवतात. घाईत मागे आलं की घडीमागचा पॉलिप निसटतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला लहानसा कोंब. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात, काहींचा कर्करोग होतो, आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. तारेच्या फासाने तो तिथल्या तिथे कापून काढता येतो. म्हणजे हीच तपासणी उपचारही ठरते. छातीच्या एक्स-रेला किंवा मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, हे जमत नाही. डॉक्टर चांगला आहे की नाही हे ओळखायचं एक मापही आहे : पन्नाशीपुढच्या किती टक्के लोकांत त्याला असे धोक्याचे पॉलिप सापडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण एका टक्क्याने वाढलं की पुढे कर्करोग होण्याची शक्यता ३ टक्क्यांनी घटते असं दिसलं.

आता ते औषध. सगळं याच्यावर अवलंबून असतं, आणि बिघडतंही इथेच. पाहण्यांनुसार चार-पाच जणांमागे एकाचं आतडं नीट साफ झालेलं नसतं. मग लहान पॉलिप दिसत नाहीत, आणि तपासणी पुन्हा करावी लागते. आपल्याकडे सर्रास दिली जाते ती पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांची पुडी, साधारण १३७ ग्रॅमची, २ लिटर पाण्यात विरघळवायची. अमेरिकेत जुन्या पद्धतीत ४ लिटर प्यायला लागायचं. हे मिश्रण आतड्यात शोषलं जात नाही. आलं तसं वाहत जातं आणि सगळं धुऊन नेतं. म्हणून यात शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे ढळत नाहीत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना म्हणूनच हे बरं. फॉस्फेटची औषधं त्यांना घातक ठरू शकतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आदल्या रात्रीच सगळं पिऊन मोकळं होणं. सकाळपर्यंत पोट साफ वाटतं, पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरतो आणि नेमका उजव्या भागात थर धरून बसतो. तिथले पॉलिप चपटे, आधीच ओळखायला अवघड. म्हणून अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी. दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि दोन तास आधी संपवायचा, कारण भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. तपासणी सकाळी आठची असेल तर पहाटे तीनला उठावं लागतं. ते करावं. एकेक पेला, साधारण २०० ते २५० मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटांनी. गार केलेलं उतरायला सोपं जातं. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करायचं; उलटी झाली म्हणून सोडून द्यायचं नाही. शेवटी जे पडतं ते फिक्या लिंबू सरबताच्या रंगाचं, तळ दिसेल असं असायला हवं. तपकिरी पाणी पडलं आणि 'पाणीच तर आहे' म्हणून थांबलं, की झालाच घोळ.

खाण्याचं पथ्य आदल्या दिवसापासून, बद्धकोष्ठ असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून. मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, इडली, सोललेला उकडलेला बटाटा, दही चालतं. पालेभाजी, भेंडी, टोमॅटो, पेरू, अंजीर, तीळ आणि शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, भाकरी बंद. बिया आणि साली दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात. पेरूची एक बी पुरते. कोकम आणि बीट तर नकोच, लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. नुसतं साधं पाणी मात्र लिटरच्या लिटर पिऊ नये. गाळलेलं सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा चहा आलटून पालटून घ्यावा, नाहीतर वयस्कर माणसात सोडियम उतरतं. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात, त्यांनी मल काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाचं औषध या दोन गोष्टी मात्र स्वतःच्या मनाने बंदही करायच्या नाहीत आणि चालूही ठेवायच्या नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर तारखेनिशी लिहून घ्याव्यात. घरी न्यायला माणूस हवा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि कशावर सहीही करायची नाही.

आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. तो हजारांत एखाद्याचा किंवा त्याहूनही कमी, पण असतो, आणि पॉलिप काढताना वाढतो. तो सांगूनच संमती घेतली पाहिजे. नंतर पोट घट्ट होऊन दुखायला लागलं, ताप आला, रक्त पडत राहिलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

हे सगळं दूरचित्रवाणीच्या चार-पाच मिनिटांच्या तुकड्यात मावत नाही. कुरिक यांनीही ते सगळं सांगितलं नाही. त्यांनी दार उघडलं, आणि पुढचं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्याच शोधनिबंधात अजून एक आकडा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : वाढलेलं प्रमाण ९ महिने, म्हणजे मोजणी संपेपर्यंत, टिकलेलं दिसलं. त्यापुढचं निबंध सांगत नाही, पण एका चेहऱ्याच्या बळावर आलेली लाट कधीतरी ओसरतेच. ज्याला धर्मादाय काम करायचं आहे त्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

कुरिक यांना हे कळलं होतं असं त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसतं. कर्करोगासाठी निधी उभारणाऱ्या लिली टार्टिकॉफ आणि एंटरटेनमेंट इंडस्ट्री फाउंडेशन ही हॉलिवूडची धर्मादाय संस्था यांच्यासोबत त्यांनी २००० मध्येच आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय आघाडी उभी केली. पैसा प्रयोगशाळांना आणि जागृतीच्या कामाला जाऊ लागला. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यूयॉर्क-प्रेसबिटेरियन रुग्णालय आणि वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जे मोनाहन यांच्या नावाने पचनसंस्थेच्या कर्करोगांचं केंद्र सुरू झालं. आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण एका आठवड्यात शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, जनुक-समुपदेशक अशा चार दारांशी जातो, आणि प्रत्येक दाराशी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगतो. ही दारं एकाच छपराखाली आणायची, ही अशा केंद्रामागची कल्पना. इमारतीला नाव देणं सोपं असतं. रुग्णाची पायपीट कमी करणं हे खरं काम.

मधल्या काळात आणखी एक मृत्यू. मोठी बहीण एमिली कुरिक व्हर्जिनियाच्या राज्य सिनेटच्या सदस्य होत्या आणि नायब राज्यपालपदासाठी उभ्या राहणार होत्या. २००० च्या उन्हाळ्यात स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. १८ ऑक्टोबर २००१ रोजी त्या गेल्या, ५४ व्या वर्षी. शार्लट्सव्हिलला व्हर्जिनिया विद्यापीठाचं कर्करोग उपचार केंद्र २०११ मध्ये त्यांच्या नावाने उभं राहिलं. या आजाराला आजही सर्वसामान्यांसाठी चाळणी-तपासणी, म्हणजे लक्षण नसतानाच करायची तपासणी, नाही. आतड्याच्या बाबतीत जी दुर्बीण दाखवता आली तशी इथे दाखवायला काहीच नव्हतं. म्हणूनच पुढचं पाऊल संशोधनाकडे वळलं असावं.

५ सप्टेंबर २००६ रोजी कुरिक सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांच्या एकट्या निवेदिका झाल्या. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर आठवड्याच्या संध्याकाळच्या बातम्या एका बाईने एकटीने कायम सांभाळण्याची ती पहिली वेळ. पहिल्या रात्री १ कोटी ३६ लाख प्रेक्षक होते. मग आकडा घसरत तिसऱ्या क्रमांकावर स्थिरावला आणि मे २०११ मध्ये त्या तिथून गेल्या. जाहिराती वगळून बावीसेक मिनिटांच्या त्या बुलेटिनमध्ये निवेदकाला श्वास घ्यायलाही जागा नसते, आणि कुरिक यांची ताकद समोरच्या माणसाला बोलतं करण्यात होती. सप्टेंबर २००८ मधली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची मुलाखत त्याच खुर्चीतून झाली. एकेक साधा प्रश्न, आवाज न चढवता, उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारलेला. ती आजही पत्रकारिता शिकणाऱ्यांनी बघावी.

त्याच २००८ मध्ये मनोरंजन आणि माध्यमक्षेत्रातल्या काही स्त्रियांनी मिळून 'स्टँड अप टू कॅन्सर' सुरू केलं. कुरिक त्यांच्यातल्या एक, निर्मात्या लॉरा झिस्किन दुसऱ्या. झिस्किन स्वतः कर्करोगाशी झुंजत होत्या आणि २०११ मध्ये गेल्या. ५ सप्टेंबर २००८ च्या रात्री एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी एकच कार्यक्रम एकाच वेळी, जाहिरातींविना दाखवला. एरवी अर्ध्या टक्क्याच्या रेटिंगसाठी एकमेकांचे गळे धरणारी ही मंडळी. १० कोटी डॉलरपेक्षा जास्त निधीची तयारी झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वाटपाची पद्धत. पैसा एकेका प्रयोगशाळेला दिला नाही. वेगवेगळ्या संस्थांमधले लोक एकत्र येऊन अर्ज करतील तरच, तीन वर्षांसाठी, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब द्यायचा. अर्ज तपासायला अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च ही शास्त्रज्ञांची संघटना, आणि सल्लागार समितीच्या शीर्षस्थानी नोबेलविजेते फिलिप शार्प. २००९ मध्ये पहिल्या ५ गटांना मिळून ७ कोटी ३६ लाख डॉलर दिले गेले. निधी गोळा करणाऱ्याने तो कुठे द्यायचा हे स्वतः ठरवू नये, जाणकारांवर सोपवावं आणि हिशेब मात्र सोडू नये, ही शिस्त आपल्याकडच्या कितीतरी ट्रस्टांना घेण्यासारखी आहे.

पण एक गोष्ट राहून राहून टोचते. जे मोनाहन यांना आजार निघाला तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. तेव्हा चाळणी-तपासणीचं वय ५० होतं. २०१८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीने ते ४५ वर आणलं. म्हणजे त्यांच्या मृत्यूतून उभ्या राहिलेल्या मोहिमेचा नियम आजही त्यांना वाचवू शकला नसता. त्या वयात उपयोगी पडतं ते एकच : लक्षण गांभीर्याने घेणं. कारण न कळता वजन उतरणं, शौचाच्या सवयीत आठवडे टिकणारा बदल, रक्त कमी होणं, मलातून रक्त. आपल्याकडे मलातून रक्त आलं की घरातला प्रत्येक जण 'मूळव्याध असेल' म्हणतो, आणि मग महिनोन्‌महिने मलम नाहीतर चूर्ण चालतं. मूळव्याध असेलही. पण ती आहे हे आत बघून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही.

ठेवीबद्दल बोलतोय तर तिला लागलेले घावही सांगायला हवेत. २०१६ मधल्या बंदुकांवरच्या एका माहितीपटात कुरिक यांनी विचारलेल्या प्रश्नानंतर बंदूक-हक्कवाले गप्प बसलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी उत्तरं दिली होती. शांततेचे ते सेकंद संकलनात घातलेले होते. कुरिक यांनी त्याची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या मुलाखतीतली काही वाक्यं आपण छापली नाहीत, हे त्यांनी २०२१ मध्ये आत्मचरित्रातून स्वतः सांगितलं. हे किरकोळ म्हणून सोडता येणार नाही. रोज साठलेला विश्वास ज्या खात्यात असतो, त्याच खात्यातून आतड्याच्या तपासणीचं आवाहनही वठतं.

आपल्याकडे हेच जसंच्या तसं उचलायचं का? नाही. अमेरिकेत मोठ्या आतड्याचा कर्करोग हा कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत, स्त्री-पुरुष मिळून, दुसऱ्या क्रमांकाचा. भारतात त्याचं प्रमाण बरंच कमी, म्हणून सरकारी चाळणी-कार्यक्रमात तो नाही. त्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन आहेत, वयाच्या तिशीपासून. आणि इथला विश्वासाचा चेहरा कोणता असू शकतो हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दाखवून दिलं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाख बायकांचा अभ्यास त्यांनी केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची पाहणी, पातळ केलेलं अॅसेटिक आम्ल लावून, दर दोन वर्षांनी करवली. आम्ल लावल्यावर बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. तिथे 'टुडे' नव्हतं. शेजारच्या गल्लीत येणारी, नावाने हाक मारणारी बाई होती. माहिती कानावर पडणं आणि माणूस तपासणीच्या टेबलावर पोचणं यात केवढं अंतर असतं ते युरोपातल्या २०२२ च्या एका चाचणीतही दिसलं. कोलनोस्कोपीचं रीतसर आमंत्रण मिळालेल्यांपैकी ४२ टक्केच गेले.

कुरिक यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये 'टुडे'वर स्वतःची मॅमोग्राफीही दाखवली होती. विनोदी निवेदक जिमी किमेल यांनी पन्नाशी गाठल्यावर, २०१८ मध्ये, त्यांना घेऊन त्या पुन्हा कोलनोस्कोपीच्या खोलीत गेल्या. लाट ओसरते म्हणून पुन्हा उठवायची.

मग २०२२ चा उन्हाळा. कुरिक यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आठवण करून दिली की मॅमोग्राफीची वेळ टळली आहे. नोंद काढली तेव्हा शेवटची डिसेंबर २०२० मधली निघाली. जाताना नेहमीप्रमाणे चित्रीकरण करून ते लोकांना दाखवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. कुरिक यांचं स्तन घनदाट ऊतीचं. मॅमोग्राफीत अशी ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणून त्यांची सोनोग्राफीही करतात. २१ जून रोजी निदान कळलं : कर्करोग, पहिल्या टप्प्यातला. गाठ अडीच सेंटिमीटरची, ऑलिव्हएवढी. जुलैमध्ये शस्त्रक्रिया, सप्टेंबरमध्ये किरणोपचाराच्या १५ बैठका, पुढे पाच वर्षं गोळ्या. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी हे सगळं तारखांसकट लिहून प्रसिद्ध केलं. आपण या वेळी सहा महिने उशीर केला होता, हेही त्यात होतं.